अडलेला दट्ट्या

पावसाळा सरून दिवाळीचे दिवस आले, की शहरात दोन गोष्टी एकदम जाग्या होतात. एक म्हणजे घरोघरच्या कढया आणि दुसरी म्हणजे चार महिने चिखलात उभी राहिलेली खोदकामाची पिवळी यंत्रे. कढयांविषयी लिहिणारे अधिकारी लोक पुष्कळ आहेत. मी आज यंत्रांविषयी लिहिणार आहे. मराठी शिकवणाऱ्याने या भानगडीत कशाला पडावे, असे कुणी विचारील. पण जी वस्तू आपल्या गल्लीत सहा-सहा महिने मुक्कामाला असते, तिचे थोडेफार व्याकरण आपल्याला ठाऊक असावे, असे मला वाटते. शिवाय यात जिवाचा प्रश्न आहे; तो कसा, ते पुढे येईलच.

आधी नावांची गंमत सांगतो. 'जेसीबी' म्हणजे जोसेफ सिरिल बॅमफर्ड. या इंग्रज गृहस्थांनी १९४५ साली आपला धंदा सुरू केला. 'पोकलेन' हे मूळ एका फ्रेंच कंपनीचे नाव. आज आपल्याकडे यंत्र कुठल्याही कंपनीचे असो, चाकांवर धावणारा तो जेसीबी आणि पट्ट्यांवर सरकणारा तो पोकलेन! विशेषनामाचे सामान्यनाम कसे होते हे शिकवताना आम्ही पूर्वी 'डालडा' सांगत असू; आता ही दोन उदाहरणे मुलांना अधिक जवळची वाटतात.

या यंत्राच्या हातावर चकचकीत दांडे आत-बाहेर होताना तुम्ही पाहिले असतील. पुस्तकात त्याला हायड्रॉलिक सिलिंडर म्हणतात, कामावरचे लोक 'जॅक' म्हणतात. होळीची पिचकारी डोळ्यांसमोर आणा, म्हणजे निम्मे काम झाले. नळी तीच, दट्ट्या तोच. फरक एवढाच, की पिचकारीत आपण दट्ट्या दाबून पाणी बाहेर काढतो आणि इथे पंप तेल दाबून दट्ट्याला हलवतो. तेल एका तोंडाने आत सोडले की दांडा बाहेर येतो, दुसऱ्या तोंडाने सोडले की आत जातो.

बंद भांड्यातल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा पास्कलचा नियम. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ साली छापला गेला. त्या नियमाला कामाला जुंपून जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने १७९५ साली दाबयंत्राचे पेटंट घेतले. त्याची मोठी अडचण होती गळतीची. दट्ट्याभोवती चामड्याची अशी वाटी बसवायची, की तेल किंवा पाणी जितके जोराने दाबेल तितकी ती अधिक घट्ट बसेल, या युक्तीचे श्रेय त्याच्याकडे काम करणाऱ्या हेन्री मॉडस्लेला दिले जाते. आजची रबराची आणि प्लॅस्टिकची सीलेही त्याच तत्त्वावर चालतात.

आता थोडे गणित. नळीचा आतला व्यास १० सेंटिमीटर, म्हणजे जेवणातल्या वाटीएवढा. दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे साडेअठ्ठ्याहत्तर चौरस सेंटिमीटर. तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला २०० किलो धरला, तर एकूण जोर जवळजवळ १६ टन होतो. वाटीएवढ्या जागेत १६ टन! हा आकडा ध्यानात ठेवा.

आमच्या शेजारच्या भूखंडावर जुनी चाळ पाडून इमारत उभी राहत आहे. पावसाळ्यापूर्वी थांबलेले यंत्र दसऱ्यानंतर सुरू केले, तर बकेटचा जॅक जागचा हलेना. यंत्र गुरगुरते, बाकीचा हात हलतो, हा मात्र हटून बसलेला. ठेकेदाराने मिस्त्री बोलावला. महाविद्यालयाला सुट्टी असल्यामुळे तीन दिवस मी त्या मिस्त्रींच्या मागे प्रश्नांची भुणभुण लावली आणि त्यांनीही ती गोड मानून घेतली.

मिस्त्रींनी पान्याला हात लावण्याआधी काय केले? यंत्राचा सगळा हात आणि बकेट जमिनीवर टेकवून घेतली. इंजिन बंद केले. मग लिव्हर पुढे-मागे हलवून नळ्यांत कोंडलेला दाब मोकळा करून दिला. "सर, इंजिन झोपलं म्हणजे तेल झोपलं असं नाही," ते म्हणाले. उचललेली बकेट हवेत राहते ती केवळ कोंडलेल्या तेलावर. नळी फुटली किंवा कुणाचा लिव्हरला धक्का लागला, की ती खाली येते.

दुसरा प्रश्न : अडले आहे ते नक्की कुठे? जॅक हलत नाही म्हणजे जॅकच अडला, असे नसते. कधी ग्रीसअभावी सांध्यातली पिन बुशमध्ये गंजून धरलेली असते. कधी तेलाला वाट देणारा व्हॉल्व्ह कचऱ्याने तुंबलेला असतो. कधी दांडाच वाकलेला असतो. मिस्त्रींनी पिन ठोकून काढली. ती सुटली आणि सांधा हाताने हलला. दुसऱ्या जॅकच्या नळ्या त्या व्हॉल्व्हला जोडून पाहिल्या, तो जॅक चालला. तेव्हा कुठे गुन्हेगार नक्की झाला. मग जॅक धुऊन पुसून उतरवला आणि उघड्या नळ्यांच्या तोंडांना लगोलग बुचे लावली. या तेलाचा खरा शत्रू धूळ. डोळ्यांना न दिसणारा कणही आत शिरला, की सील आणि नळी दोन्ही खरवडतो.

जॅकच्या तोंडाशी, जिथून दांडा बाहेर येतो, तिथे ग्लँड असतो. या जॅकचा ग्लँड आट्यांचा होता आणि तो फिरेना. मदतीचा एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा घण उचलून तयार झाला. मिस्त्रींनी त्याला थांबवून कडेची माती टोकाने खरवडली, तेव्हा गव्हाच्या दाण्याएवढा एक स्क्रू उघडा पडला. ग्लँड आपोआप सैल होऊ नये म्हणून बसवलेला हा कुलपाचा स्क्रू. तो न काढता घण घातला असता, तर आटे कायमचे गेले असते. स्क्रू काढून, गंज सोडवणारे तेल आट्यांत सोडून त्यांनी रात्रभर वाट पाहिली. सकाळी ग्लँड पान्याने सुटला.

दट्ट्या मात्र आत तसाच. ठेकेदाराचा जीव दिवाळीत अडकलेला! तो म्हणाला, "मिस्त्री, गॅसने तापवा, नाहीतर कॉम्प्रेसरची हवा मारा. पाच मिनिटांत बाहेर येईल."

"पाच मिनिटांत नक्की येईल, शेठ," मिस्त्री शांतपणे म्हणाले. "पण समोर कोण उभं आहे, ते आधी बघा."

समोर तो पोरगा उभा होता.

यातले शास्त्र साधे आहे. हवा दाबली की ती स्प्रिंगसारखी आवळते आणि आवळलेला जोर साठवून ठेवते. दट्ट्या गंजाला धरून बसतो, दाब वाढत जातो आणि पकड सुटताच ती सगळी हवा एकदम पसरते. मग दट्ट्या आणि दांडा तोफेच्या गोळ्यासारखे बाहेर पडतात. तेल दाबून फारसे आवळत नाही. म्हणून दट्ट्या केसभर सरकला, की मागचा दाब उतरतो आणि पुढचा हिसका बसत नाही. तापवण्याचा धोका आणखी वेगळा. आत तेल राहिलेले, तोंडे बंद. तेलाची वाफ झाली की नळीच फुटायची.

मिस्त्रींनी जॅक आडवा बांधला, तोंडासमोर जाड लाकडी ठोकळा पक्का केला आणि पोराला बाजूला घेतले. तळाच्या तोंडातून नळीत तेल भरून हवा पुरती घालवली, पुढचे तोंड उघडे ठेवले आणि मीटर लावलेला हातपंप जोडला. जॅकला सोसेल त्याच्या पुढे काटा जाऊ द्यायचा नाही, हा नियम. चार दांडे मारायचे, थांबायचे. पुन्हा चार मारायचे. दुपारी आतून 'कट्' असा लहानसा आवाज झाला आणि दट्ट्या सुपारीएवढा सरकला. संध्याकाळपर्यंत तो ठोकळ्याशी आला.

आत काय निघाले? तेलात शिरलेल्या पाण्याने नळीच्या आत गंजाचे कडे धरले होते आणि फाटलेल्या सीलचा तुकडा त्यात पाचरीसारखा रुतला होता. नळीला होनिंग करून आतली बाजू घासून घेतली. दांड्यावर खड्डे पडले असते, तर हार्ड क्रोमचा नवा थर द्यावा लागला असता; सुदैवाने तो बचावला. नवी सीले कोमट तेलात मऊ करून, ओठ दाबाच्या बाजूला येईल अशी बसवली. उलट बसवलेले सील तेल धरत नाही. शेवटी बोजा न घालता जॅक सावकाश आत-बाहेर करून उरलेली हवा काढली, आणि तेल बदलले. पावसाळ्यात दांडे आत ओढून यंत्र उभे केले असते आणि उघड्या भागाला ग्रीस चोपडले असते, तर हा खटाटोप बहुधा टळला असता.

आता घरच्या मंडळींसाठी दोन गोष्टी. नळीला सुईएवढे भोक पडले, तर त्यातून निघणारी तेलाची धार कातडी भेदून आत शिरते. वर दिसतो तो नुसता टोचल्यासारखा ठिपका, दुखतेही कमी; पण बोट, प्रसंगी हात गमवावा लागतो. गळती शोधायची ती हाताने चाचपून नव्हे, लांबून पुठ्ठा धरून. आणि असा ठिपका कुणाला दिसला, तर हळद लावून घरी न ठेवता तत्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे आणि 'दाबाचे तेल शिरले आहे' असे स्पष्ट सांगावे. अशा वेळी तासातासाला किंमत असते.

दुसरी गोष्ट सावलीची. भर दुपारी उचललेल्या बकेटखाली डबा उघडून बसलेली माणसे मी पाहिली आहेत आणि तिथे लपाछपी खेळणारी मुलेही. आपली मुले यंत्र पाहायला धावतात. धावू द्यावीत, पाहण्यासारखेच असते ते. फक्त त्या बकेटीला वर कोणी धरून ठेवले आहे, हे त्यांना एकदा पिचकारी हातात देऊन समजावून सांगावे.