‘वर्ग २’ म्हणजे नेमके काय? बलुत्यापासून डेटाबेसपर्यंत (थ्रेड)

पिंपळे नावाची तीन गावे शेजारी शेजारी आहेत: पिंपळे गुरव, पिंपळे सौदागर आणि पिंपळे निलख. नुसते ‘पिंपळे’ म्हणून भागत नाही, म्हणून मागे दुसरा शब्द आला. गुरव म्हणजे देवळाची पूजाअर्चा पाहणारा, गावगाड्यातला बलुतेदार. आज पिंपळे गुरवच्या गावठाणाभोवती उभ्या राहिलेल्या इमारतींतून अनेक संगणक अभियंते रोज हिंजवडीला जातात. त्यांच्या कामातला एक प्रश्न मात्र गुरवाच्या काळाइतका जुना आहे. ठरावीक पर्यायांची यादी नोंदवहीत क्रमांकाने लिहावी की नावाने?

प्रोग्रामच्या भाषेत अशा यादीला ‘एनम’ म्हणतात. समजा, मागणीच्या तीन अवस्था आहेत: नवी, पाठवलेली, पोहोचलेली. कोडमध्ये ही नावे असतात, पण डेटाबेसच्या तक्त्यात ०, १, २ असे आकडे साठवता येतात. जावातील जेपीए या प्रमाणित पद्धतीत वेगळे काही सांगितले नाही, तर आकडाच साठवला जातो. पुढे कोणी ‘नवी’ आणि ‘पाठवलेली’ यांच्या मध्ये ‘तपासलेली’ ही अवस्था घातली, की जुन्या नोंदींतल्या १ चा अर्थ बदलतो. तक्त्यातील एकही ओळ कोणी खोडलेली नसते, कोणतीही त्रुटी पडद्यावर येत नाही, आणि तरीही जुनी नोंद खोटी ठरते.

बलुतेदारांची यादी अशीच फसवी होती. संख्या बाराची, ती सर्वत्र सांगितली जाई. पण त्या बारांत कोण कोण, हे प्रांताप्रांतानुसार बदले. शिवाय थोरली, मधली, धाकटी अशा ओळी होत्या आणि बलुत्याचा वाटा ओळीवर ठरे. यादीतला क्रम म्हणजे धान्य. क्रम हलला की कोणाचे तरी पोट हलणार.

याउलट एक उत्तम उदाहरण पुणे जिल्ह्यातलेच आहे. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात जी जमीनमोजणी व आकारणी सुरू केली, तिचे नियम १८४७ च्या संयुक्त अहवालात बांधले गेले. मातीचे नऊ वर्ग ठरले. पहिल्या वर्गाचे मोल १६ आणे, पुढे १४, १२, १०, ८, ६, मग साडेचार, ३ आणि नवव्याचे २ आणे. शेतात हिंडणारा प्रतवारी कारकून मातीची खोली पाही, चुनखडी, वाळू, उतार असे दोष चिन्हांनी मांडी आणि प्रत्येक दोषासाठी वर्ग एकेक पायरी खाली आणी. आण्यांमधली अंतरे सारखी नाहीत, हे येथे महत्त्वाचे. वर्गाचा आकडा म्हणजे मोल नव्हे. मोल वेगळ्या कोष्टकात होते. ते कोष्टक छापलेले असल्याने शेताचा जुना नकाशा आजही वाचता येतो. आजचा अभियंता यालाच संदर्भ तक्ता म्हणेल.

इनामांच्या बाबतीत मात्र घोळ झाला. ब्रिटिश महसूल व्यवस्थेने इनामांना वर्गांचे आकडे दिले: वर्ग २ व्यक्तिगत इनाम, वर्ग ३ देवस्थान, वर्ग ६अ रयतोपयोगी सेवा. स्वातंत्र्यानंतर कायद्यांनी यांतले बहुतेक वर्ग रद्द केले. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने गेली आणि त्या जमिनी विक्रीच्या बंधनासह वतनदारांना परत दिल्या गेल्या. मग १९६६ चा जमीन महसूल अधिनियम आला आणि त्याने भोगवटादार वर्ग १, भोगवटादार वर्ग २ असे नवे आकडे आणले. म्हणजे ‘वर्ग २’ या दोन शब्दांचे महसुली कागदांत दोन अर्थ झाले. एक, रद्द झालेले व्यक्तिगत इनाम. दुसरा, परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन. संदर्भ न पाहता हा आकडा वाचणाऱ्या कुटुंबाचा सौदा फसू शकतो, किंवा विक्रीवर बंधन असल्याचे खरेदीदाराला पैसे दिल्यानंतर कळते.

‘वर्ग २’ एवढेही पुरत नाही, कारण बंधन कूळकायद्यामुळे आहे, वतनामुळे आहे की सरकारी वाटपामुळे, यावर पुढची वाट ठरते. म्हणून तलाठ्याच्या दप्तरात गाव नमुना १-क असतो, त्यात वर्ग २ च्या जमिनी कारणानुसार नोंदवतात.

एनम आकड्यांत साठवला की जागा वाचते, असे समर्थन केले जाते. ते आज लंगडे आहे. चार-पाच पर्यायांच्या यादीत वाचणाऱ्या जागेपेक्षा पुढे गमावलेला अर्थ महाग पडतो. नाव साठवावे, किंवा क्रमांक आणि नाव यांचा स्वतंत्र तक्ता ठेवून त्याला परकीय किल्लीने बांधावे. पोस्टग्रेसच्या एनममध्ये नवा पर्याय घालता येतो, जुना सरळ काढून टाकता येत नाही. अभियंते याबद्दल कुरकुरतात. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र तो गुणच वाटेल: वतने रद्द झाली म्हणून जुन्या फेरफारातला ‘वतन’ हा शब्द पुसता येत नाही. पर्याय निवृत्त करावा, कधीपासून तेही लिहावे, पण तक्त्यात ठेवावा.

सातबाऱ्यावर हीच रीत आहे. धारक बदलला की जुन्या नावाला कंस होतो, शेजारी फेरफाराचा क्रमांक येतो, आणि बदल का झाला ते गाव नमुना ६ मध्ये त्या क्रमांकाखाली सापडते.