इंजिनाआधी इंजिनवाला

इंग्लंडमधल्या ॲपलफर्ड नावाच्या खेड्यात १९५० साली एक पैज लागली. बक्षीस होतं नऊ गॅलन बिअरचं पिंप. एका बाजूला आर्थर नॅपर यांचं मार्शल कंपनीचं, १९०२ साली बनलेलं ‘ओल्ड टायमर’ आणि दुसऱ्या बाजूला त्यांचे मित्र माइल्स चेटविंड-स्टॅपिल्टन यांचं ‘लेडीग्रोव्ह’. दोन्ही ट्रॅक्शन इंजिनं, म्हणजे रुळांविना रस्त्यावरून आणि शेतातून चालणारी वाफेची धुडं. त्यांची शर्यत म्हणजे पळत्या माणसाने हसत हसत मागे टाकावं असा प्रकार. नॅपर जिंकले, वर्तमानपत्रांनी बातमी चवीने छापली, आणि पुढच्या वर्षांत गंमत पाहायला लोक लोटू लागले. १९५४ मध्ये अशा इंजिनांच्या मालकांचा आणि चाहत्यांचा राष्ट्रीय क्लब उभा राहिला. आज ब्रिटनमध्ये उन्हाळाभर भरणाऱ्या ‘स्टीम रॅली’ आपली वंशावळ या पिंपापाशी नेऊन पोचवतात. त्या सुरुवातीच्या मेळाव्यांविषयी जुनी माणसं फार हळवं होऊन बोलतात: कोळशाचा धूर, तापल्या तेलाचा वास, चिखलाचं मैदान, तिकिटाचा फारसा बडेजाव नाही. या हळवेपणाची टिंगल करणं सोपं आहे. पण त्यांना जे आठवतं त्यात इंजिनाचा वाटा कमी आणि इंजिनवाल्याचा जास्त, असं माझं म्हणणं आहे. आणि इंजिनवाला हरवला याची हळहळ पूर्णपणे रास्त आहे.

पैजेचं साल बघा. युद्ध संपून पाचच वर्षं झाली होती. नांगरणीला ट्रॅक्टर आणि कापणी-मळणीला कम्बाइन आल्यावर वाफेची इंजिनं शेकड्यांनी भंगारात निघत होती. मात्र ती पुराणवस्तू झालेली नव्हती. काही वर्षांपूर्वीपर्यंत हीच इंजिनं गावोगाव मळणीयंत्र ओढत नेत होती, फ्लायव्हीलवरून पट्टा टाकून ते चालवत होती, रस्त्यावरची खडी दाबत होती. म्हणजे पहिल्या मेळाव्यांच्या कुंपणाशी उभ्या असलेल्या प्रेक्षकांत पोटासाठी इंजिन हाकलेली माणसं होती. एखाद्या हौशी मालकाने चुकीच्या वेळी कोळसा टाकला, तर त्याला दोन शब्द सुनावणारं कोणीतरी तिथे हजर असे. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या माउंट प्लेझंट इथेही याच १९५० साली जुन्या मळणीवाल्यांचा मेळावा सुरू झाला, तो अजून भरतो. महासागराच्या दोन्ही काठांवर एकाच वर्षी हे घडलं, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. धंदा नुकताच बुडाला आहे, पण धंदा जाणणारे हिंडते-फिरते आहेत, असा काळ फार थोडा असतो. हे मेळावे नेमके त्या फटीत जन्मले.

त्या माणसांना असं काय येत होतं? एकच गोष्ट जवळून पाहू. ट्रॅक्शन इंजिनाचं बॉयलर आडवं असतं आणि आगीची पेटी चालकाच्या बाजूला, मागे. पेटीच्या माथ्यावरचा पत्रा कायम पाण्याखाली राहिला पाहिजे, नाहीतर तो तापून मऊ पडतो आणि आतल्या दाबाने फाटतो. इंजिन उताराला लागलं की बॉयलरमधलं पाणी पुढे सरकतं आणि तो माथा उघडा पडू लागतो. म्हणून जाणता चालक उताराच्या आधीच पाणी वाढवून घेतो, आग किती ठेवायची ते ठरवतो आणि काचनळीतल्या पातळीवर नजर ठेवतो. तीही डोळे मिटून खरी मानत नाही, कारण नळीची वाट गाळाने बुजली तर ती पाणी नसताना पाणी दाखवते. शेवटचा राखणदार म्हणून माथ्यात शिशाची बुची असते. पाणी उतरलं की ती वितळते आणि वाफ आगीवर कोसळते. हे सगळं पुस्तकात आहे. पण समोरचा चढ-उतार, हातातला कोळसा आणि मागे जोडलेलं ओझं यांचा मेळ चालत्या इंजिनावर घालायला पुस्तक उपयोगी पडत नाही. त्यासाठी शेजारी उस्ताद उभा लागतो. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या मेडिना इथे २००१ साली जत्रेच्या मैदानावर अशाच एका जुन्या इंजिनाचं बॉयलर फुटलं आणि पाच माणसं गेली. चौकशीत दिसलं, पाणी कमी होतं आणि पत्रा गंजून पातळ झाला होता. त्यानंतर त्या राज्याने जुनी बॉयलरं चालवण्यासाठी परवान्याचा कायदा केला.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: एवढा धोका असेल तर ही इंजिनं संग्रहालयात का ठेवू नयेत? ठेवावीत, अगदी दुर्मीळ असतील ती नक्की ठेवावीत. शर्यतींबद्दलचा आक्षेप तर मला पूर्ण मान्य आहे. स्प्रिंगांविना, लोखंडी चाकांवर दहा-बारा टनांचं धूड खडबडीत रानातून दामटायचं म्हणजे दातेरी चाकांचे हाल. पण थंड पडलेल्या इंजिनाकडून कोणी काही शिकत नाही. मेळाव्यांनीही पाप केलंच. साध्या रोड रोलरला पिळदार पितळी खांब आणि छत चढवून त्याचं जत्रेतलं झगमगीत इंजिन करण्याची खोड अनेकांना जडली. काम करणारं इंजिन इतकं चकचकीत कधीच नव्हतं. या नटव्या बाजूवर उतारा म्हणून मला १९६९ मध्ये डॉर्सेटात स्टूरपेनजवळ सुरू झालेली वाफेची जत्रा महत्त्वाची वाटते. तिथे इंजिनांना कामाला जुंपलं जाई: मळणी, लाकूड कापणं, चढावर अवजड ओढणी, आणि शेताच्या दोन टोकांना दोन इंजिनं उभी करून तारदोराने मधला नांगर इकडून तिकडे खेचणं. या नांगरणीत दोन चालकांचं बोलणं शिट्टीवर चालतं. ते काचेच्या कपाटात कसं मांडणार?

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. ज्या कष्टांपासून माणसं सुटली, त्यांचाच सोहळा कशाला? मळणीची धूळ छातीत जाई, उघड्या पट्ट्यात हात सापडत, इंजिनवाल्याला इतरांच्या कितीतरी आधी, पहाटेच उठून आग पेटवावी लागे. सगळं खरं. पण सुरुवातीच्या मेळाव्यांना जमलेल्यांत हे सोसलेले लोकच होते, आणि त्यांना ते दिवस परत नको होते. आयुष्यभर काजळीत कमावलेलं कसब एका वर्षात कवडीमोल ठरलं होतं. ते अजून कोणाला तरी हवं आहे, हे त्यांना दिसलं. धुराचा मुद्दा मात्र काळच निकालात काढतो आहे. वेल्समधली फोस-य-फ्रान ही मोठी उघडी खाण २०२३ मध्ये बंद झाली. तिथला कोळसा वाफेवाल्यांचा आवडता. आता त्यांना परदेशी कोळसा आणि कारखान्यात बनवलेले इंधनाचे गोळे यांवर भागवावं लागतं. सुट्टीच्या दिवसांत पेटणाऱ्या या भट्ट्यांनी हवामान बिघडतं, हे म्हणणं प्रमाण सोडून आहे. पण त्या महाग पडू लागल्या, हे खरं.

ही सगळी परक्या मुलखाची गोष्ट मानायचं कारण नाही. ज्या मार्शल कंपनीच्या इंजिनाने ती पैज जिंकली, तिच्याच सहकार्याने टाटांच्या टेल्को कंपनीने १९४८ मध्ये जमशेदपुरात वाफेचे रोड रोलर बनवायला घेतले. असे रोलर आपल्या रस्त्यांवर पुढे कैक वर्षं खपले. आता ते कुठे बांधकाम खात्याच्या आवारात, कुठे चौकातल्या कारंज्याशेजारी उभे दिसतात: अंगावर दरवर्षी नवा ऑइलपेंट आणि आगीच्या पेटीत पाखरांची घरटी. रंगाचं टेंडर निघतं, त्याअर्थी लोखंडाची काळजी कोणाला तरी आहे. साखर कारखान्यांमुळे महाराष्ट्रात बॉयलरची परीक्षा दिलेले लोकही कमी नाहीत, पण त्यांचं बॉयलर एका जागी बसलेलं असतं. त्याला घाट उतरायचा नसतो. वाफेचा रोलर घेऊन घाट उतरलेले चालक आणि फायरमन आज ऐंशीच्या आसपास असतील. एखादा रोलर तपासून, दुरुस्त करून, बॉयलर निरीक्षकाची परवानगी घेऊन पुन्हा पेटवायचा, तर पैसे जमतील आणि सुटे भागही घडवून मिळतील. मात्र पहिल्या दिवशी शेजारी उभा राहून पोराला ‘थांब, अजून कोळसा नको’ म्हणणारा माणूस आधी शोधायला हवा, आणि तो याच दोन-चार वर्षांत.