तार गेली, टी. टी. राहिली

आमच्या शेजारच्या काकूंचा मुलगा जर्मनीत शिकतो. त्याच्या फीचे पैसे धाडायचे म्हणून परवा मी त्यांच्याबरोबर बँकेत गेलो होतो. दरपत्रकात युरोच्या ओळीत ‘टी. टी. सेलिंग’ असा रकाना होता. काकूंनी विचारले, तेव्हा टी. टी. म्हणजे टेलिग्राफिक ट्रान्सफर, असे मी सांगितले. ‘अगबाई! पैसे अजून तारेनेच जातात?’

तारेने नाही जात. आपल्याकडची शेवटची तार १४ जुलै २०१३ रोजी घेतली गेली. पण शब्द मोठे चिवट असतात. पौंड आणि डॉलर यांच्या विनिमयाच्या दराला परदेशी सटोडिये अजूनही ‘केबल’ म्हणतात. १८६६ साली अटलांटिकच्या तळाशी टाकलेल्या तारेची ती आठवण!

घरगुती माणसांचे पैसे तारेवर चढवले ते अमेरिकेतल्या वेस्टर्न युनियनने. ही मुळात तारकंपनी. स्थापना १८५१ची, हे नाव १८५६चे. १८६१ साली तिची तार अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत पोहोचली, आणि दोनच दिवसांत ‘पोनी एक्स्प्रेस’ ही घोडेस्वारांची टपाल बंद झाल्याचे जाहीर झाले. पुढे १८७१ साली कंपनीने पैसे पोहोचवण्याचे काम हाती घेतले.

आता तारेतून नाणे कसे जाणार? ते जातच नाही. गिऱ्हाईक एका गावच्या तारऑफिसात रोकड भरी. तिथला तारमास्तर दुसऱ्या गावच्या ऑफिसाला कडकट्ट करून कळवी, की अमक्याला इतके डॉलर द्या. तिथला कारकून आपल्या गल्ल्यातून पैसे काढून देई. दोन ऑफिसांचा हिशेब मागाहून मिटे. आपल्या पेढीवाल्यांना यात नवल वाटले नसते, कारण हुंडीचे तत्त्व हेच. नरसी मेहत्याने तर द्वारकेच्या सावळ्या शेठवर हुंडी लिहिली, आणि ती वटली, अशी कथा आहे. फरक इतकाच, की हुंडीचा कागद कोणीतरी घेऊन जावा लागे. तार त्या कागदाच्या पुढे धावली.

खरी पंचाईत वेगळीच होती. कागदावर सही तरी असते. तारेच्या ठोक्यांवर कोणाची सही? म्हणून पेढ्यांनी आणि बँकांनी आपापसांत खुणेचे शब्द ठरवले. घेणाऱ्याजवळ ओळखीचा कागद नसला, तर पाठवणाऱ्याने आधी सांगून ठेवलेला प्रश्न त्याला विचारायचा, अशीही सोय वेस्टर्न युनियनने ठेवली. आजचा ओटीपी मला याच खुणेच्या शब्दाचा नातू वाटतो. १९१८ साली अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्ह बँकांनी आपसातल्या व्यवहारासाठी स्वतःची मोर्सची यंत्रणा उभारली. मोठ्या बँकांचा पैसाही असा ठोक्यांवर आला.

वेस्टर्न युनियनने २७ जानेवारी २००६ रोजी तारा पाठवणे थांबवले. जोडधंदा म्हणून सुरू केलेली पैशांची ने-आण तेवढी राहिली. घर मुळात ज्याचे, तोच बाहेर पडला आणि भाडेकरू मालक झाला!

परंतु ज्या गुणामुळे ही सोय गरिबाला जवळची वाटली, त्याच गुणावर लुच्चांचा डोळा गेला. पैसे मिनिटांत रोख हाती पडतात, आणि एकदा दिले की परत मागवता येत नाहीत. ‘आजी, मी संकटात आहे, ताबडतोब पैसे पाठव, आईबाबांना सांगू नकोस,’ असा फोन यायचा, आणि म्हातारी माणसे धावत जाऊन पैसे भरायची. खुणेचा शब्द इथे निरुपयोगी, कारण पाठवणारी आजी खरीच असते. खोटा असतो तो नातू. काही ठिकाणी कंपनीचे एजंटच भामट्यांना सामील होते आणि कंपनीने त्यांना वेळीच आवरले नाही, असा ठपका आला. २०१७च्या जानेवारीत कंपनीने ५८.६ कोटी डॉलर भरण्याचे कबूल केले, आणि २०२० पासून फसलेल्यांना त्यातून पैसे परत मिळू लागले.