भट्टी मोडली, पुढे काय? धरणगावचा इतिहास आणि उमर्टीचा प्रश्न

जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुक्याला लागून, मध्य प्रदेशाच्या हद्दीत उमर्टी हे गाव आहे. गावठी पिस्तुलांमुळे ते वारंवार चर्चेत येते. फेब्रुवारी २०२५ मध्ये तेथे कारवाईसाठी गेलेल्या जळगाव पोलिसांच्या पथकावर हल्ला होऊन एका कर्मचाऱ्यास पळवून नेण्यात आले. पुढे त्याची सुटका झाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे पोलिसांनी छापा घालून तेथील शस्त्रांच्या भट्ट्या उद्ध्वस्त केल्या. कायद्याचा हा धाक आवश्यकच आहे. परंतु तेवढ्याने प्रश्न सुटेल काय?

या संदर्भात आम्हांस धरणगावचे स्मरण होते. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला, तेव्हा सातपुडा व सातमाळा डोंगरांत भिल्लांचे बंड पेटलेले होते. राखणदारीचे परंपरागत हक्क बुडाल्याने आणि उपासमारीने अनेकजण लुटीकडे वळले होते. लष्करी मोहिमांनी शांतता आली नाही. अखेर १८२५ मध्ये गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्या काळात धोरण बदलले. लेफ्टनंट जेम्स औट्रम यांनी अवघ्या नऊ भिल्लांपासून पथक उभारण्यास आरंभ केला. धरणगाव हे त्याचे ठाणे झाले. त्याच सुमारास शेतीसाठी जमीन व तगाई देण्याचे प्रयत्नही झाले.

हा निव्वळ परोपकार होता, असे आम्ही म्हणणार नाही. भिल्लांचा उपयोग भिल्लांविरुद्धही झाला. सेंधवा घाटाची राखण करणारे खाज्या नाईक १८५७ मध्ये त्याच सत्तेविरुद्ध उभे राहिले. पुढे १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. १९५२ मध्ये तो कायदा गेला. शिक्का मात्र पुसला गेला नाही.

उमर्टीतील शिकलगार समाज हा पिढीजात लोहकामात निपुण आहे. काहींच्या गुन्ह्यापायी साऱ्या वस्तीला गुन्हेगार मानणे अन्यायाचे आहे. अभ्यासकांनीही केवळ पोलिसांच्या कागदपत्रांवर विसंबू नये. पिस्तूल कोणी घडविले, हे फिर्यादीतून कळते. भांडवल कोणाचे, नफा कोणाचा आणि शहरांतून मागणी करणारे कोण, हे क्वचितच कळते. ते जाणण्यासाठी वस्तीतील स्त्रिया, शिक्षक व तरुणांचे ऐकावे लागेल, आणि बोलणाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी त्यांची नावे गुप्त राखावी लागतील.

ज्या हातांना पिस्तूल घडविता येते, त्या हातांना शेतीची अवजारेही घडविता येतील. ते काम व त्याला बाजारपेठ मिळवून देणे ही शासनाची आणि समाजाचीही जबाबदारी आहे. अन्यथा मोडलेली भट्टी पुन्हा पेटण्यास कितीसा वेळ लागणार?