विश्वास कमी पडला म्हणून?

वार्षिकांकासाठी लेख मागवल्याची सूचना फलकावर लागली तेव्हा मी स्त्रीशिक्षणावर लिहायचे ठरवले होते. तो विषय सोपा, आणि छापून येण्याची खात्रीही अधिक! पण लिहायला बसले आणि लेखणी भलत्याच वाटेला लागली. गेल्या वर्षी मी एका आजारातून गेले. त्या आजारावरून माझे माझ्याच समाजाशी एक भांडण आहे, ते इथे मांडते.

आम्ही ख्रिस्ती, नगर जिल्ह्यातले. (२०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले; आजीच्या तोंडी ते बसायला अजून वेळ लागेल.) पणजोबांचा बाप्तिस्मा मिशनच्या काळातला. वडील साखर कारखान्यावर हंगामी कामगार, आई दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जाते. दहावीच्या पुढे गेलेली आमच्या घरात मी पहिलीच. मला प्रवेश मिळाला त्या रविवारी देवळात माझ्यासाठी प्रार्थना झाली आणि वडिलांनी उपासनेनंतर सगळ्यांना पेढे वाटले. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे तेच पेढे माझ्या छातीवर दगडासारखे येऊन बसले.

पहिल्या सत्रातच सुरुवात झाली. पहाटे तीनला जाग यायची, ती पुन्हा डोळा लागायचा नाही. एक पान चारदा वाचावे आणि पाटी कोरीच राहावी. वसतिगृहाचे जेवण वाईट असते हे सर्वमान्य आहे, पण मला घरून आणलेली भाकरीही मातीसारखी लागू लागली. केस विंचरणे म्हणजे डोंगर चढणे. खोलीतल्या मुली म्हणाल्या, घरची आठवण येते आहे, होईल सवय. मीही तसेच समजत होते. आधी रडू तरी यायचे, पुढे तेही थांबले. एका रात्री प्रार्थनेत मी देवाला एवढेच म्हटले की, उद्या मला उठवू नकोस. हे वाक्य मी तीनदा खोडले आणि चौथ्यांदा लिहिले आहे.

नाताळच्या सुटीत घरी गेले. माझी दशा पाहून आईने मला एका उपवास-प्रार्थनेला नेले. सभा चालवणारे बंधू बाहेरगावचे होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, मोठ्याने प्रार्थना केली आणि सर्वांसमक्ष निदान सांगून टाकले : हिचा विश्वास कमी पडला. ख्रिस्ती माणसाच्या मनात आनंद असायचा, निराशा येतेच कशी? कुठेतरी लपवलेले पाप असणार, ते कबूल कर म्हणजे मोकळी होशील. त्या रात्री मी खरोखरच पाप शोधत बसले. सापडले ते आठवीत असताना चोरलेले पेरू!

आज मला हसू येते, पण त्या रात्री येत नव्हते. त्या बंधूंचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. पण हा आजारच असा आहे की तो माणसाच्या कानात दिवसरात्र एकच सांगत असतो : तू नालायक आहेस, तुझ्यामुळे सगळ्यांना त्रास आहे. तेच वाक्य धर्माच्या नावाने, वडीलधाऱ्यांच्या साक्षीने ऐकवले की त्यावर जणू देवाची सही झाली! मग रोग्याने दाद मागायची तरी कोणाकडे?

तिसऱ्या दिवशी आमच्या पाळकीणबाई घरी आल्या. त्यांनी काही विचारले नाही. डब्यात पिठले-भात आणला होता, तो चार घास भरवला. मग माझ्यामागे बसून केसांतला गुंता सोडवू लागल्या. गुंता फार होता, पुष्कळ वेळ लागला. त्या वेळात त्यांनी मला एलीयाची गोष्ट सांगितली. ती मी रविवारच्या शाळेत ऐकली होती, पण आम्हाला शिकवला तो स्वर्गातून अग्नी उतरवणारा एलीया. पुढच्याच अध्यायात तो रानात एका झुडपाखाली बसून आपले मरण मागतो, याच्यावर कोणी रंगीत चित्र काढत नाही. देवदूत येतो तो त्याला उपदेश करत नाही, पाप विचारत नाही. भाजलेली भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खायला घालतो; कारण पुढची वाट लांबची असते. एवढ्या मोठ्या संदेष्ट्याचा विश्वास कमी पडला होता काय?

मग त्यांनी अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वाचून दाखवले. स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रे आहेत. पुष्कळशी रडगाण्याने सुरू होऊन स्तुतीवर येतात. हे येत नाही. ते अंधारात सुरू होते आणि अंधारातच संपते. ज्यांनी शास्त्र जमवले त्यांना ते सहज गाळता आले असते. त्यांनी ते ठेवले. याचा मला जेवढा आधार झाला तेवढा कोणत्याही आनंदाच्या वचनाचा झाला नाही. माझ्याआधी कोणीतरी नेमके हेच देवाच्या तोंडावर म्हणून गेले होते, आणि त्याला कोणी देवळाबाहेर काढले नव्हते.

माझा खरा मुद्दा मात्र मार्काच्या शुभवर्तमानातल्या दुसऱ्या अध्यायाचा आहे. चौघे जण एका पक्षाघाती माणसाला उचलून आणतात. दारात गर्दी, म्हणून छप्पर उकलून त्याला बाजेसकट खाली सोडतात. (आमच्या जुन्या घराला माळवद होते, त्यामुळे छपराची माती उकरणे म्हणजे खाली बसलेल्यांची काय गत होते, हे मला चांगले ठाऊक आहे.) तिथे येशू कोणाचा विश्वास पाहतो? त्या आणणाऱ्यांचा. बाजेवरच्या माणसाच्या विश्वासाचा त्या ठिकाणी उल्लेखही नाही. तो बिचारा पडून होता, त्याने तेवढेच करायचे होते. मग आमच्या सभांतून बाजेवरच्यालाच उठवून त्याचा विश्वास मोजण्याची ही रीत आली कुठून? कमी पडला असेल तर तो उचलणाऱ्यांचा पडला, असे शास्त्राधारे म्हणता येईल. बंधूंनी माफ करावे.

माझी बाज सरकारी रुग्णालयात नेली ती आई आणि पाळकीणबाईंनी. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सगळे ऐकले, हा नैराश्याचा आजार आहे असे सांगितले आणि गोळी लिहून दिली. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतील, तोवर धीर सोडू नका, आणि बरे वाटले म्हणून मनाने बंद करू नका, असे दोनदा बजावले. आजीला हे पटेना. डोक्याची गोळी खाल्ली तर देवावर भरवसा तो काय उरला? पाळकीणबाई म्हणाल्या, "आजी, तुमची बीपीची गोळी तुम्ही प्रार्थना करूनच घेता ना?" आजी गप्प बसली. आमची आजी गप्प बसणे ही साधी गोष्ट नव्हे.

आता महाविद्यालयातले माझे काही मित्र दुसऱ्या टोकाने बोलतात. त्यांचे म्हणणे, गोळीने बरी झालीस, मग देव मध्ये कशाला? ते मला आवडतात, पण हे त्यांना कळलेले नाही. गोळी चढेपर्यंतचे ते आठवडे कोणाच्या आधारावर काढायचे? मला ते रविवारने काढायला लावले. घंटा झाली की आई मला तोंड धुवायला लावून देवळात नेई. टिळकांची भजने आमच्याकडे पेटी-तबल्यावर म्हणतात. मला तोंड उघडवत नसे. पण माझ्या उजव्या-डाव्या बाजूला गाणे चालू असे, आणि मी त्याच्या मधोमध बसलेली असे. माझ्या वाटची श्रद्धा त्या महिन्यांत दुसऱ्यांनी केली, असे मी म्हणेन. एका रविवारी तिसऱ्या कडव्याला माझेही ओठ हलत आहेत हे माझ्या ध्यानात आले. तो गोळीचा गुण की गाण्याचा, कोण जाणे! मला निवाडा नको आहे.

श्रद्धेने सगळेच बरे होतात असा दावाही मी करणार नाही. आमच्या इंग्रजीच्या सरांनी मला विल्यम कूपर (१७३१-१८००) या कवीविषयी सांगितले. माणूस अत्यंत भाविक. जॉन न्यूटन या पाळकाबरोबर त्याने लिहिलेला गीतसंग्रह १७७९ मध्ये निघाला. पण १७७३ मध्ये त्याला नैराश्याचा मोठा झटका आला आणि देवाने आपल्याला कायमचे टाकले आहे अशी त्याची समजूत झाली; ती पुढे पुरती कधी गेली नाही. आजाराने त्याच्या श्रद्धेचीच काठी केली आणि तिनेच त्याला मारले. न्यूटनने काय केले? त्याला वर्षाहून अधिक काळ आपल्या घरी ठेवून घेतले. कूपर पुढे बागकाम करी, ससे पाळी आणि लिही. तो पूर्ण बरा झाला नाही, पण त्यानंतर पंचवीसहून अधिक वर्षे जगला. न्यूटनचे प्रवचन त्याच्या किती उपयोगी पडले ते ठाऊक नाही; घर पडले.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे दिसले की वीस प्रौढांमागे साधारण एकाला आयुष्यात कधीतरी हा आजार होतो. आमच्या देवळात उपासनेला शंभर माणसे असतात, म्हणजे पाच जण झाले. ते कोण, हे आम्हाला ठाऊक नाही; कारण विश्वास मोजला जाईल या भीतीने ते पाचही जण मोठमोठ्याने आमेन म्हणत असणार. आपल्या वर्गात किती, याचा हिशेब आपणच करावा. २०२२ पासून सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चालते. मराठीतही बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. वसतिगृहाच्या फलकावर तो क्रमांक लावावा अशी माझी अधीक्षकांना विनंती आहे. स्नेहसंमेलनाची जुनी पत्रिका काढली तर जागा होईल.

पहिल्या सत्राचे दोन विषय राहिले होते, ते सुटले. गोळी अजून चालू आहे. डॉक्टरीणबाई पुढच्या भेटीत कमी करण्याविषयी बोलणार आहेत. पहाटे तीनला अजूनही अधूनमधून जाग येते, मग मी अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र काढते. रात्री नऊला घरून फोन येतो. आई जेवणाचे विचारते, वडील अभ्यासाचे. मग आजी फोन हातात घेते आणि म्हणते, "गोळी घेतलीस का गं? घे आधी. मी थांबते. मग प्रार्थना करू."