आंकड्यांची साक्ष आणि खेळाडूचें मोल



जून महिन्यांत आपली शाळा उघडावयास आणि अमेरिकेंतील एन्.बी.ए. या बास्केटबॉल-संघटनेचे अंतिम सामने रंगावयास बहुधा एकच गांठ पडते. हंगामाच्या अखेरच्या ह्या सामन्यांस 'प्लेऑफ' म्हणतात. ते सुरू झाले कीं, श्रेष्ठ खेळाडू कोण, हा वाद आपल्या मुलांत पेटतो. एकानें एका पद्धतीचा आंकडा काढावा, दुसऱ्यानें दुसऱ्या पद्धतीचा काढून तो खोडावा, आणि शेवटीं ज्याचा आवाज मोठा त्याचा खेळाडू श्रेष्ठ ठरावा, असा प्रकार चालतो. माझें मत असें आहे कीं, हे आंकडे उपयोगाचे आहेत, पण त्यांची योग्यता साक्षीदाराची आहे, न्यायाधीशाची नाहीं; आणि प्रत्येक साक्षीदारानें पाहिलेली गोष्ट निराळी असते.

१८९१ सालीं स्प्रिंगफील्ड येथील वाय्.एम्.सी.ए.च्या शिक्षणसंस्थेंत जेम्स नेस्मिथ या शिक्षकानें हा खेळ काढिला, तेव्हां कठड्यास बांधलेल्या फळांच्या टोपलींत चेंडू किती वेळां गेला, इतकेंच मोजीत. पुढें मोजण्याची हौस वाढली. तरी कित्येक गोष्टी वहींत फार उशीरां आल्या. प्रतिपक्षानें टोपलीकडे फेंकलेला चेंडू अडविणें व त्याच्या हातांतील चेंडू हिरावून घेणें, यांची अधिकृत नोंद एन्.बी.ए.मध्यें १९७३-७४ च्या हंगामापासून होऊं लागली. आतां बॉस्टन संघाच्या बिल रसेलचा विचार करा. १३ हंगामांत त्याच्या संघानें ११ अजिंक्यपदें मिळविलीं. चेंडू अडविण्यांत त्याचा हातखंडा. परंतु तो १९६९ सालीं निवृत्त झाल्यामुळें त्यानें अडविलेल्या एकाहि चेंडूची अधिकृत नोंद नाहीं. १९६१-६२ च्या हंगामांत विल्ट चेंबरलेन यानें प्रत्येक सामन्यास सरासरी ५०.४ गुण केले. असें असून त्या वर्षीं खेळाडूंनीं स्वतः मतें देऊन सर्वोत्तम ठरविला तो रसेल! आणि प्लेऑफमध्यें चेंबरलेनच्या फिलाडेल्फिया संघास ४-३ असें हरवून पुढें गेला तोहि रसेलचाच संघ. जें वहींत नव्हतें, तें प्रत्यक्ष खेळणारांनीं ओळखिलें होतें.

आजच्या पद्धति अधिक सूक्ष्म आहेत. जॉन हॉलिंजर यांनीं रचिलेला 'पी.ई.आर.' नोंदलेल्या बऱ्यावाईट कृत्यांची मिनिटांच्या हिशेबानें बेरीज करितो; त्यांत सामान्य खेळाडूचें मान १५ धरिलेलें असतें. पण प्रतिपक्षाच्या खेळाडूपुढें नेटानें उभें राहून त्यास अवघड जागेवरून चेंडू फेंकावयास लावणें, हें काम त्यास दिसत नाहीं. 'विन शेअर्स' या पद्धतींत संघाच्या विजयांचे वांटे खेळाडूंत पाडितात; साहजिकच, चार फेऱ्या खेळणाराची बेरीज पहिल्याच फेरींत बाद झालेल्यापेक्षां फुगते. 'प्लस-मायनस' इतकेंच सांगतो कीं, अमुक खेळाडू मैदानांत असतां त्याच्या संघानें प्रतिपक्षापेक्षां किती गुण अधिक किंवा उणे केले. त्यांत न नोंदलेलें कामहि येतें खरें, पण सोबतच्या चौघांचें पुण्य व पाप त्याच्याच खात्यावर पडतें. 'बॉक्स प्लस-मायनस' हा वहींतील नोंदींवरून तोच फरक अनुमानानें काढितो. म्हणजे वहीचें अज्ञान त्यासहि चिकटलेलें असतें.

प्लेऑफमध्यें ह्या अडचणी अधिक तीव्र होतात. नेहमींच्या हंगामांत प्रत्येक संघ ८२ सामने खेळतो, त्यामुळें चांगला दिवस व वाईट दिवस यांची फिटंफाट होते. प्लेऑफच्या चार फेऱ्यांत मात्र, प्रत्येक फेरींत चार विजय मिळवावयाचे असल्यामुळें, अजिंक्य संघासहि कमींत कमी १६ व फार तर २८ सामने खेळावे लागतात. शिवाय एकाच प्रतिपक्षाशीं लागोपाठ सात सामन्यांपर्यंत गांठ पडते, आणि तो तुमचें वर्म शोधून तेथेंच घाव घालितो. अशा स्थितींत दोन वाईट रात्री सबंध फेरीची सरासरी फिरवितात. दोन चाचण्यांवरून मुलाची बुद्धि ठरविण्यासारखेंच हें आहे.

२०१५ सालच्या अंतिम फेरीचें उदाहरण घ्या. क्लीव्हलंडच्या लेब्रॉन जेम्सनें सरासरी ३५.८ गुण केले, १३.३ परतलेले चेंडू झेलिले, व ८.८ वेळां सोबत्यास गुण करून दिले. मात्र टोपलीकडे फेंकलेल्या चेंडूंपैकीं शेंकडा ३९.८ च आंत गेले. त्याचे दोन प्रमुख सोबती दुखापतींनीं घरीं बसले होते, हें यापैकीं एकाहि आंकड्यांत लिहिलेलें नाहीं. गोल्डन स्टेट संघ ४-२ असा जिंकला, आणि मानकरी ठरला आंद्रे इग्वोडाला. त्याची सरासरी अवघी १६.३ गुणांची! त्या हंगामांत तो चौथ्या अंतिम सामन्यापर्यंत एकदांहि आरंभींच्या पांच जणांत नव्हता. जेम्सला थोपवून धरण्याचें काम मुख्यतः त्याच्याकडे होतें. ११ पैकीं ७ मतें त्यास पडलीं व ४ जेम्सला. मला दोन्ही पक्ष समंजस वाटतात. ४ जणांनीं 'सर्वांत मोठा भार कोणी वाहिला?' असें विचारिलें, तर ७ जणांनीं 'सामन्यांचें पारडें कोणी फिरविलें?' असें विचारिलें, असें मी समजतों. प्रश्न निराळे, म्हणून उत्तरें निराळीं.

मग आंकडे फेंकून देऊन डोळ्यांवरच विसंबावें काय? मुळींच नाहीं. डोळ्यांस अखेरचा क्षण तेवढा स्मरतो. २०१६ च्या सातव्या सामन्यांत जेम्सनें धांवत येऊन अडविलेला एक चेंडू सर्वांच्या लक्षांत आहे. पण त्या सात सामन्यांत गुण करणें, परतलेला चेंडू झेलणें, सोबत्यास गुण करून देणें, चेंडू हिरावणें व अडविणें या पांचहि बाबतींत दोन्ही संघांत तोच पहिला होता, ही गोष्ट वहीनेंच सांगितली. म्हणून माझें सांगणें असें कीं, कोणताहि आंकडा पुढें आला म्हणजे त्यास तीन प्रश्न विचारावे: तूं काय मोजिलेंस? किती सामन्यांत व कोणाविरुद्ध मोजिलेंस? आणि काय मोजावयाचें राहिलें?

ह्या प्रश्नांशीं आपल्या शाळेचाहि निकट संबंध आहे. सामन्याहून घरीं आलेल्या मुलास आपण बहुधा एकच विचारतों, "तूं किती गुण केलेस?" चाणाक्ष मूल ह्यावरून काय शिकावयाचें तें शिकतें, दुसऱ्या दिवशीं मोकळ्या उभ्या असलेल्या सोबत्याकडे तें चेंडू देत नाहीं. आम्ही शिक्षकहि प्रगतिपुस्तकांतील शेंकडेवारीचा असाच उपयोग करूं लागलों, तर वर्गांत मागें राहिलेल्या सोबत्यास गणित समजावून देणारा मुलगा आमच्या हिशेबीं शून्य ठरेल. येत्या वर्षीं आपल्या आंतरवर्गीय सामन्यांत गुणांच्या वहीशेजारीं दुसरी एक वही ठेवावी, व तींत उत्तम पास कोणी दिला आणि प्रतिपक्षाच्या प्रमुख खेळाडूस कोणी थोपविलें, हें एका विद्यार्थ्यानें लिहीत जावें, अशी माझी सूचना आहे. तिला खर्च फक्त एका पेन्सिलीचा आहे.