नैराश्याची आरती किती दिवस ओवाळायची?

इंगमार बर्गमनच्या 'द सेव्हन्थ सील' (१९५७) या चित्रपटाविषयी आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते त्याचा सूर ठरलेला असतो. प्लेगने ग्रासलेले मध्ययुगीन स्वीडन, मृत्यूशी बुद्धिबळ खेळणारा सरदार, ईश्वराचे मौन. की 'अस्तित्ववादी नैराश्याचे महाकाव्य' असा शिक्का मारून सारे मोकळे! वर्गात आम्हीही अनेक वर्षे हेच सांगत आलो, हे आधीच कबूल करतो. पण हा शिक्का साफ चुकीचा आहे, असे आता आमचे ठाम मत आहे.

या शिक्क्याखाली पहिला चिरडला जातो तो यॉन्स. धर्मयुद्धात दहा वर्षे घालवून सरदार आंतोनियस ब्लॉक आणि त्याचा हा सेवक परतले आहेत. ब्लॉकला श्रद्धा पुरत नाही, ज्ञान हवे आहे. यॉन्सच्या लेखी वरती कोणीच नाही. म्हणजे रूढ हिशेबाने हताश होऊन बसायला हवे ते यॉन्सने. प्रत्यक्षात ओसाड गावात एका मूक तरुणीच्या अंगावर येणाऱ्या रावालला अडवतो तो यॉन्सच. खाणावळीत गरीब नट योफला अस्वलासारखे नाचवले जाते तेव्हा मध्ये पडतो तोही यॉन्सच. आणि हा रावाल कोण? ब्लॉकला धर्मयुद्धावर जायला भरीस घालणारा धर्मशास्त्री, आता प्रेतांवरचे दागिने लुटणारा! यॉन्स संत नव्हे. त्या तरुणीशी तो स्वतःही धड वागत नाही. तरीही नास्तिकाच्या हातून माणुसकी घडते, हे आपण का पाहू नये?

ब्लॉकचे मोठेपण आम्ही नाकारत नाही. मात्र ते त्याच्या प्रश्नांत नाही. पटावरची मोहरी मुद्दाम पाडून तो मृत्यूला गुंतवून ठेवतो आणि तेवढ्यात योफ, मिया व त्यांचे तान्हे मूल निसटते. उत्तर त्याला शेवटपर्यंत मिळत नाही. कृती मात्र त्यावाचून अडत नाही.

'अखेरीस मृत्यू सर्वांना नाचवत नेतोच ना?' असा आक्षेप येईल. नेतो. पण ते नृत्य दिसते कोणाला? जिवंत राहिलेल्या योफला!

उत्तरपत्रिकेत 'जीवन निरर्थक आहे' असे लिहिणाऱ्याला आम्ही सढळ हाताने गुण दिले. नैराश्य म्हणजे सखोलता, हे समीकरण विद्यार्थ्यांनी आमच्याकडूनच उचलले. यापुढे आम्ही पहिला प्रश्न यॉन्सवर विचारणार आहोत.